नव्याचे नऊ दिवस संपल्यावर : वजन कमी करणाऱ्या आमच्या शनिवारच्या गटाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सहकारनगरच्या एका सोसायटीत आम्ही काही जणी (आणि आता चार काका) दर शनिवारी सकाळी सातला जमतो. वजन करतो, तासभर बोलतो आणि आपापल्या घरी जातो. २०१८च्या दिवाळीनंतर सुरू केलं ते अजून चालू आहे. ओळखीपाळखीच्यांचे फोन येतात, प्रश्न साधारण तेच असतात. दर वेळी तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे. ७८ किलोंची होते, आता ६७ची आहे. मधे एकदा पुन्हा ७२ची झाले होते, तेही पुढे सांगितलंय.

हा गट निघाला कसा?

भिशीतून. दहा जणींची आमची भिशी होती. आधी चहा आणि चिवडा असायचा. मग एकीनं पावभाजी केली, तर दुसरीनं इडली-सांबार आणि वर गुलाबजाम. तिसरीनं मागं का राहावं? शेवटी शेवटी भिशीचा हप्ता कमी आणि खाण्याचा खर्च जास्त अशी अवस्था आली. त्या वर्षी एका वहिनींचा शुगरचा रिपोर्ट वाईट आला आणि त्यांनी जाहीर केलं, "पुढची भिशी माझ्याकडे, आणि फक्त ताक मिळेल." आम्ही हसलो. ताक प्यायलो. त्याच दिवशी त्यांच्या मुलाचा वजनकाटा बाहेर निघाला आणि मग कुणीच हसेना.

भिशीचा नियम मात्र तसाच ठेवला. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, हप्ता चुकवायचा नाही. आमच्याकडे हप्ता म्हणजे हजेरी.

गटानं खरंच फरक पडतो, की नुसत्या गप्पा होतात?

गप्पा होतातच. पण फरकही पडतो, आणि तो मोजलेला आहे. अमेरिकेत रीना विंग आणि रॉबर्ट जेफरी या संशोधकांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. वजन कमी करायला काही जण एकटे आले, काही जण आपले तीन मित्र किंवा नातेवाईक बरोबर घेऊन आले. एकटे येऊन नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी कार्यक्रम पूर्ण केला. मित्रांबरोबर आलेल्या आणि एकमेकांना धरून राहायला शिकवलेल्या लोकांत हे प्रमाण ९५ टक्के होतं. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा आकडा. चौथ्या महिन्यापासून दहाव्या महिन्यापर्यंत, म्हणजे सगळा उत्साह ओसरल्यावर, घटवलेलं सगळं वजन टिकवून ठेवणारे एकट्यांमध्ये २४ टक्के होते आणि मित्रांबरोबरच्यांत ६६ टक्के.

आपल्याला हे नवीन नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. एरवी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत रिक्षा करणारी माणसं दिंडीत ते चालतात. पाय तेच असतात. पुढेमागे माणसं असतात एवढाच फरक.

म्हणजे एकटीला जमत नाही, याचा अर्थ माझ्यात जिद्द नाही असा?

नाही. या निमित्तानं जीन नीडेच या बाईंची गोष्ट सांगते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या गृहिणी, वजन ९७ किलोंच्या आसपास. शहराच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणाच्या क्लिनिकमध्ये जायच्या, तिथला आहारही पाळायच्या, पण घरी चोरून बिस्किटं खायच्या. तिथल्या बाईंना हे सांगायची हिंमत होईना. शेवटी १९६१मध्ये त्यांनी सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यापुढे कबूल केलं. मैत्रिणींनीही आपापल्या लपवलेल्या डब्यांबद्दल सांगितलं. त्या बैठका वाढत गेल्या आणि १९६३मध्ये त्यातून वेट वॉचर्स ही कंपनी उभी राहिली. पुढे कंपनीचं काय झालं ते सोडा. तपासणाऱ्यापुढे जे बोलता आलं नाही ते बरोबरीच्यांपुढे बोलता आलं, हे मला फार ओळखीचं वाटतं. आमच्या गटात पहिल्या महिन्यात कळलं की दहापैकी सहा जणी रात्री भांडी आवरताना उरलेलं "वाया जायला नको" म्हणून खातात. प्रत्येकीला वाटत होतं की असं करणारी आपण एकटीच.

गट किती जणांचा असावा?

सहा ते बारा. पंधराच्या वर गेला की मागचे दोघं-तिघं आपसात बोलू लागतात आणि कुणी आलं नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आम्ही एकदा बावीसपर्यंत गेलो होतो. आता दोन गट आहेत.

सगळ्यांसमोर वजन करावं लागतं का?

आधी करायचो. आकडा मोठ्यानं वाचायचो. दोघी निघून गेल्या आणि त्यातली एक जाताना स्पष्ट बोलली, "शाळेत गुणपत्रिका अशीच वाचायचे." तिचं बरोबर होतं. आता काटा आतल्या खोलीत असतो, आकडा ज्याच्या त्याच्या वहीत आणि वही ज्याची त्याच्याकडे. कुणाला सांगावंसं वाटलं तर सांगतात. सगळ्यांपुढे असतं ते फक्त हजेरीचं रजिस्टर. वजन आपल्या हातात पूर्णपणे नसतं, शनिवारी सातला येणं असतं.

पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले, नंतर काहीच नाही. काटा बिघडलाय का?

काटा ठीक आहे. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा आणि त्याच्याबरोबरचं पाणी जातं. म्हणून पहिला आठवडा दिवाळी आणि दुसरा शिमगा. लोणचं-पापडाचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी पाणी धरून वजन वाढलेलं दिसतं, पाळीच्या आधीही दिसतं. म्हणून रोज काट्यावर चढून कपाळाला हात लावायचा नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी, चहाच्या आधी, साधारण त्याच कपड्यांत. आणि चार आठवड्यांचे आकडे एकत्र बघायचे, एकटा आकडा कधीच नाही.

महिनोन्‌महिने आकडा अडकला तर? जीव तोडून चालतेय, मन उठून जातं.

इथेच बहुतेक लोक सोडतात. त्यांना मी चेन्नईच्या अभ्यासाचं सांगते. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या पाचशेहून अधिक लोकांवर तीन वर्षं तो केला आणि २००६मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना खाण्यात आणि चालण्यात बदल करायला लावला, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. आणि त्यांचं वजन? जवळपास होतं तिथेच. काटा हलला नाही, पण आत काहीतरी हललं होतं.

म्हणून आमच्या वहीत वजनाशेजारी आणखी रकाने आहेत. कंबर (टेप बेंबीच्या रेषेत, पोट आत न ओढता, सगळे ओढतात), आठवड्यात किती मिनिटं चाललो आणि पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना किती वेळा थांबावं लागलं. पर्वतीला महिन्यातून एकदा सगळे मिळून जातो. आमच्यातले एक काका पहिल्यांदा पाच वेळा थांबले होते. सहा महिन्यांनी एकदाच, आणि तेही फोन आला म्हणून. वजन दोन किलोच उतरलं होतं त्यांचं.

किती वजन कमी करायचं ठरवू?

"कॉलेजात होते तेवढं" हे उत्तर सोडून काहीही ठरवा. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) २३च्या वर गेला की जास्त वजन आणि २५च्या वर स्थूलता, असे निकष आहेत. पाश्चात्त्यांपेक्षा ते खाली ठेवलेत, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी जास्त असते. कंबर बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांची ९०च्या आत हवी. पण पहिला पल्ला एवढा लांबचा नको. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात (२००२) लक्ष्य होतं वजनाच्या फक्त ७ टक्के आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. तेवढ्यानं मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. माझ्या ७८ किलोंचे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. तेवढे उतरायला मला दहा महिने लागले. माझी उंची १५८ सेंटिमीटर आहे, म्हणजे आज ६७ किलोंवरही तक्त्याप्रमाणे मी स्थूलच. तक्ता आपल्या जागी, मी माझ्या जागी. गुडघा दुखायचा थांबलाय.

गटात कुठला डाएट पाळता? दीक्षित की दिवेकर?

हा प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही आधी पाणी देतो. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणतात, ऋजुता दिवेकरांचा भर थोडं थोडं, वेळेवर आणि घरचं खाण्यावर. या दोन नावांवरून महाराष्ट्रात सख्खी भावंडं भांडलेली मी पाहिली आहेत. आमच्या गटात दोन्हीकडची माणसं आहेत. नियम एवढाच, की आपली पद्धत दुसऱ्याला पटवायची नाही आणि दर पंधरवड्याला बदलायची नाही. जे डॉक्टरांना चालतं आणि तुम्हाला वर्षभर करता येईल, ते करा.

एक गोष्ट मात्र सगळ्यांकडून करून घेतो : तेलाचा हिशोब. आमच्यातल्या एका घरात चार माणसांना महिन्याला पाच लिटरचा डबा लागायचा. म्हणजे माणशी रोज चाळीस मिलिलिटरच्या वर, साधारण साडेतीनशे कॅलरी. पोळ्या मोजणाऱ्या बाईनं तेल कधी मोजलंच नव्हतं. आता महिन्याचं तेल पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढतात, तीन लिटर. बरणी संपली की तळण बंद. आमटी-भाजीची चव गेली म्हणून घरातल्या कुणी तक्रार केलेली नाही. सांगितलंच नाही, हेही त्याचं कारण असेल.

दोन-तीन आठवडे आले नाही, वजनही वाढलं. आता कुठल्या तोंडानं येऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो कुणी थेट विचारत नाही. "बरं नव्हतं", "पाहुणे होते" असं सांगतात.

मुलाचं लग्न झालं त्या वर्षी मी तीन महिने गटात गेले नाही. केळवणं, लग्न, सत्यनारायण, मग नव्या सुनेचे सणवार. आधी खरंच वेळ नव्हता. नंतर वेळ होता, पण ७२ किलो घेऊन जायचं कसं? गट मीच सुरू केलेला, लोकांना भाषणं दिलेली. शनिवारी सकाळी दूध आणायला मी सोसायटीच्या मागच्या गेटनं जायचे, म्हणजे क्लबहाऊसवरून जावं लागू नये. मन खायचं, म्हणून मी खायचे.

एका शुक्रवारी संध्याकाळी गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकू घरी आल्या. मला वाटलं, आता समजावणार. त्या म्हणाल्या, "उद्या सतरंज्या घालायला कुणी नाही. माझा खांदा धरलाय. तू पावणेसातला ये." बस. चहा प्यायल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मी सतरंज्या घालायला गेले. वजनाचं कुणी विचारलं नाही, कुठे होतीस असंही नाही. दोन आठवड्यांनी मी आपणहून काट्यावर चढले.

तेव्हापासून आमच्याकडे पद्धत आहे. लागोपाठ दोन शनिवार कुणी दिसलं नाही तर कुणीतरी एक जण घरी जातो. फोन नाही, मेसेज तर नाहीच. जाताना काम घेऊन जायचं. रजिस्टर आणायचंय, काटा सेल बदलून हवाय, काहीही. "का येत नाही?" हा प्रश्न विचारायला बंदी आहे. माणूस परत येतो तो त्याची गरज आहे म्हणून. समजूत काढली की येतो असं मला फारसं दिसलेलं नाही. काकूंचा खांदा खरंच धरला होता का, हे मी अजून विचारलेलं नाही.

सणावाराला काय करता?

खातो. गणपतीत मोदक नको म्हणणाऱ्या घरात मला आरतीलाही जायचं नाही. अडचण सणाच्या दिवसाची नसते, सणाच्या आधीच्या आणि नंतरच्या पंधरा दिवसांची असते. दिवाळीचा फराळ भाऊबीजेला संपला तर काही बिघडत नाही; तो तुळशीच्या लग्नापर्यंत डब्यात असतो आणि येता-जाता हात जातो, तिथे गडबड होते. म्हणून आम्ही फराळ वाटून करतो. एकीनं चकल्या, एकीनं करंज्या, एकीनं चिवडा. प्रत्येकीकडे सगळं, पण थोडं.

उपवासांबद्दल वेगळं सांगायला हवं. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची वडी, आणि वर "आज काही खाल्लं नाही" असं समाधान. आमच्या एका ताईंनी श्रावणात चार सोमवारांत दीड किलो वाढवलं होतं. भगर, ताक आणि फळांवर उपवास करा, नाहीतर सरळ जेवा.

घरचे साथ देत नाहीत. यावर उपाय?

पूर्ण उपाय नाही. अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम गावातल्या बारा हजारांवर लोकांच्या ३२ वर्षांच्या नोंदी तपासून २००७मध्ये निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी दाखवलं की जवळचा मित्र स्थूल झाला तर आपण होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली दिसते, आणि जोडीदार झाला तर ३७ टक्क्यांनी. म्हणजे घर आणि मित्र दोन्ही आपल्याला ओढतात. नवरा बदलत नसेल तर मैत्रिणी तरी बघून घ्याव्यात, असा मी यातून सोयीचा अर्थ काढलाय. आणि सासूबाई आग्रह करून वाढत असतील तर त्यांनाच शनिवारी घेऊन या. आमच्याकडे दोन सासूबाई अशाच आल्या आणि टिकल्या. एका घरातली सून मात्र सोडून गेली.

फक्त व्हॉट्सॲप ग्रुप केला तर चालेल का?

नाही, निदान आमचा नाही चालला. टाळेबंदीत वर्षभर सगळं फोनवर होतं. ताटांचे फोटो यायचे, काकडी-टोमॅटो अगदी छान मांडलेले. वडापावचा फोटो कुणी टाकला नाही. आता ग्रुप आहे, पण त्यावर फक्त वेळ आणि ठिकाण कळवायचं. गुड मॉर्निंग नाही, "जिरे-पाण्यानं सात दिवसांत पाच किलो" नाही. पावडर आणि शेक विकणाऱ्यांना तर उंबरठाही ओलांडू देत नाही. एकदा एक बाई सदस्य म्हणून आल्या आणि तिसऱ्या शनिवारी पिशवीतून डबे काढू लागल्या. माझ्या मते गट मोडायचा याहून पक्का मार्ग नाही. मैत्रीण गिऱ्हाईक झाली की ती पुन्हा खरं बोलत नाही.

अपवाद एक. मुलांकडे परदेशी गेलेल्यांना व्हिडिओ कॉलवर घेतो. नातवंडं सांभाळायला सहा महिने न्यू जर्सीला गेलेल्या आमच्या एका काकूंनी पहिल्याच आठवड्यात "वजन १५०" असं कळवलं आणि इथे सगळ्या हादरल्या. तिथला काटा पाउंडांत होता. ६८ किलो.

स्पर्धा लावावी का? बक्षीस असलं की चेव येतो.

येतो आणि उतरतो. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं (केव्हिन हॉल, २०१६), तेव्हा बहुतेकांचं बरंच वजन परत आलेलं होतं आणि त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी कमी जाळत होतं. आम्हीही एकदा पैठणी ठेवली होती. जिंकलेल्या बाईनं शेवटचे दोन दिवस पाणीसुद्धा सोडलं होतं. पैठणी आता हजेरीवर देतो.

इंजेक्शन घेणारे गटात चालतात का?

२०२५मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन घटवणारी इंजेक्शनं भारतात मिळू लागल्यापासून हा प्रश्न दर महिन्याला येतो. आमच्यात यावरून वाद झाला. काहींना ती पळवाट वाटत होती. माझं मत : चष्मा लावणाऱ्याला आपण आळशी म्हणत नाही. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली असावं, एवढीच अट. शिवाय सेमाग्लुटाइडच्या (वेगोव्हीतलं औषध) एका मोठ्या चाचणीत इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. तेव्हा त्या लोकांना शनिवार जास्तच लागेल.

कुणी आधी डॉक्टरांना विचारायला हवं?

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे (खाणं कमी केलं आणि डोस तोच राहिला तर साखर एकदम उतरू शकते), रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असलेले. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन घटवण्यासाठी येऊ नये. आणि खाऊन उलट्या काढणं, दिवस दिवस उपाशी राहणं असं कुणाचं चाललं असेल तर त्यांना काट्यापासून लांब ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. तिथे आमच्यासारख्या गटानं अपाय होतो.

आमच्या सोसायटीत सुरू करायचाय. पहिल्या दिवशी काय लागतं?

चार माणसं, एक काटा, एक रजिस्टर, प्रत्येकाची एक वही. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर ठेवला की आकडा चुकतो. वार आणि वेळ पहिल्याच दिवशी ठरवा आणि सणासुदीलाही बदलू नका. चहा ठेवायचा असेल तर वजन झाल्यावर. बिस्किटांचा पुडा मात्र आणू नका. आमच्याकडे पहिल्या शनिवारी आणला होता, "कुणाला लागला तर" म्हणून. लागला.